उजवा गाल

चामड्याचा ओला तुकडा ठशाखाली घेण्याजोगा झाला की नाही, हे ठसेबाई आपल्या उजव्या गालाला विचारत. कारखान्यात नव्याने आलेल्या माणसाला ते बघून हसू यायचं. एवढी पोक्त बाई डोळे मिटून, चामड्याचं कापलेलं पान गालाला लावून बसलेली. जसं काही टेलिफोनवर पलीकडचं माणूस फार हळू बोलतंय. मग त्या "हं" म्हणायच्या, तुकडा संगमरवरी लादीवर ठेवायच्या, पितळी ठसा त्यावर उभा धरायच्या आणि लाकडी मोगरीचा एक घाव घालायच्या. दुसरा घाव त्यांनी कधी घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दागिन्यांना कड्या आणि आकडे बसवणारे कडीकाका त्यांच्या समोरच्या टेबलावर बसत. ते रोज विचारायचे, "काय ठसेबाई, आज काय म्हणतंय चामडं?"

"म्हणतंय, कडीकाकांना कामाला लावा."

हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर कुणी हसत नसे. पण एखाद्या दिवशी झाला नाही, तर सकाळ नीट सुरू झाल्यासारखी वाटत नसे.

कारखाना म्हणजे माडीवरची एक लांबट खोली. एका टोकाला खिडकी आणि पाण्याचं बेसिन, दुसऱ्या टोकाला मालकीणबाईंची खुर्ची, मध्ये टेबलं. इथे चामड्याचे दागिने होत. कानातली, हातातली रुंद कडी, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पानांचे हार. एका हारात पानं एकमेकांवर अर्धी अर्धी चढलेली, प्रत्येक पानाच्या शिरा ठशाने उठवलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, झाडावरून आत्ताच उतरवलीत.

गालाचं शास्त्र तसं साधं होतं. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं पाण्यात बुडवून काढलं आणि फडक्यात गुंडाळून मुरू दिलं, की ते मऊ पडतं, ठशाचा आकार धरतं. पण पाणी जास्त राहिलं, तर नक्षी उमटताना झकास उमटते आणि सुकता सुकता चामडं फुगून परत सपाट होतं. पाणी कमी पडलं, तर ठशाच्या कडेने कातडं तडकतं. त्या भेगा इतक्या बारीक, की रंग लागेपर्यंत दिसत नाहीत. या दोन्हींच्या मधली वेळ फार थोडी असते. तेव्हा चामडं वरून कोरडं दिसतं आणि आत ओल धरून असतं. डोळे तिथे फसतात. बोटांचा उपयोग नाही, कारण या कामात बोटांची कातडी चामड्याच्याच जातीची होऊन बसते. गाल तेवढा फसत नाही. वर कोरडं, आत गार, हे गालाला कळतं. ठसेबाईंचं लग्न व्हायचं होतं तेव्हापासून त्यांच्या उजव्या गालाने हेच एक काम केलं होतं.

त्या गालावर नागीण उठली.

कानशिलापासून हनुवटीपर्यंत फोडांची पट्टी आली. आग अशी, की पंख्याचा वारा लागला तरी ठसेबाई उशीत तोंड खुपसून विव्हळत. मुलगा दूरच्या गावी नोकरीला. घरात त्या आणि सून. सुनेने सगळं केलं. चमच्याने भरवलं, केस हळू विंचरले, सकाळ-संध्याकाळ बोटांच्या टोकांनी मलम लावलं. नवरा फोनवर तिला म्हणायचा, "इथे खोली घेतलीय, ये आता." ती म्हणायची, "आई उठू देत."

थांबायला तिला आणखी एक कारण होतं. कारखान्यात ती आली तेव्हा झाडलोट करायची. सासूनेच शब्द टाकून तिला रंगाच्या टेबलावर बसवलं होतं. सगळे तिला धाकटी म्हणत. तिचा हात हलका होता. गडद रंग पानभर फासायचा आणि तो ओला असतानाच फडक्याने पुसून घ्यायचा. उंच भाग उजळ निघतो, ठशाच्या रेघांत रंग साचून राहतो आणि शिरा उठून दिसतात. पुसायला एक क्षण उशीर झाला, तर पान काळवंडतं. धाकटीचा तो क्षण कधी चुकत नसे. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट आपल्याला येते, हे तिच्या चालण्यातही दिसू लागलं होतं.

फोड सुकले, खपल्या पडल्या, डाग राहिले. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं म्हणायचं. मधूनमधून आग होईल, मलम चालू ठेवा. बधिरपणा जाईल हळूहळू." मग जरा थांबून म्हणाले, "कदाचित राहीलही."

ठसेबाईंनी पुढचं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

कामावर परतल्या त्या दिवशी कडीकाकांनी विचारलं, "काय म्हणतंय चामडं?" त्यांनी पान गालाला लावलं. आणि चामडं काहीच म्हणालं नाही. एक हलकी आग तेवढी सुटली, कोरडी लोकर टोचते तशी. त्यांनी दुसरं पान घेतलं, पाण्यातून नुकतंच काढलेलं. तीच आग. समोर कडीकाका उत्तरासाठी थांबले होते.

"म्हणतंय, कडीकाकांना कामाला लावा," त्या म्हणाल्या आणि अंदाजाने घाव घातला.

नक्षी सुरेख उमटली. ओल्या चामड्यावर ती नेहमीच सुरेख उमटते. ठसेबाईंनी स्वतःची समजूत घातली, इतक्या वर्षांचा हात आहे, अंदाजानेही जमेल. काही पानं जमलीही असतील. पानं सुकायला जात, तिथून धाकटीच्या टेबलावर जात, आणि ठसेबाई तिकडे बघायचं टाळत. हार तयार झाले, खोक्यात भरून गेले.

खोका परत आला.

मालकीणबाईंनी एक हार धाकटीच्या पुढ्यात ठेवला. "दुकानदार म्हणतो, रंग बसलेला नाही. हे बघ. या पानाला शिरा आहेत, शेजारच्याच्या गायब. आणि हा डाग बघ. गळ्यात घालायची वस्तू आहे ही. खरूज उठल्यासारखी दिसतेय."

धाकटीने हार हातात घेतला. उलटा केला, उजेडात धरला. "मी तसाच लावलाय बाई, नेहमीसारखाच."

"नेहमीसारखा असता तर नेहमीसारखा खपला असता."

कडीकाका आकडा वाकवता वाकवता म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं. झाडूची सवय असलेल्या हातात फडकं दिलं, की तो हात नुसता पुसत सुटतो."

"काका, तुम्ही तुमच्या कड्या बघा." मालकीणबाई ठसेबाईंकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुमची सून आहे म्हणून नव्हे, जुनं माणूस म्हणून विचारते. काय झालं असेल?"

हार ठसेबाईंच्या हातात आला. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. गायब शिरा म्हणजे ओलं चामडं. डाग म्हणजे कोरडं. रंगाने बिचाऱ्याने दोन्ही चहाड्या इमानाने सांगितल्या होत्या, फक्त ऐकणाऱ्यांना तो रंगाचाच दोष वाटत होता. गाल गेला म्हटलं तर ठसा गेला. ठसा गेला, तर या खोलीत त्यांना काय म्हणून हाक मारायची, हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

"रंग जरा पातळ पडला असेल," त्या म्हणाल्या.

धाकटीने मान डोलावली. सासूच्या शब्दावर तिचा इतका विश्वास होता की तिने लगेच रंगाची बाटली हलवून बघितली.

"दुकानदार आणखी एकदा बघायला तयार आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "सगळे हार नव्याने करा. परत असंच झालं, तर धाकटे, मला टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल. राग मानू नकोस."

त्या संध्याकाळी धाकटी मोरीत बसून हात घासत होती. आधी साबणाने, मग लिंबाच्या फोडीने, मग खरखरीत दगडाने. ठसेबाई दारात उभ्या राहिल्या.

"अगं, किती घासशील?"

"रंग पातळ नव्हता आई. मी करून बघितला, जाड, पातळ, गाळून, न गाळता. तसंच होतंय." ती मान वर न करता बोलत होती. "मग लक्षात आलं. मलम. तुमचं मलम मी बोटांनी लावते आणि तेच हात घेऊन कामाला बसते. मलमात तेल असतं. तेलाचं बोट जिथे लागलं तिथे चामडं रंग धरत नाही. माझंच चुकलं."

बोलायची वेळ होती ती हीच. धाकटीची बोटं लाल झाली होती, नखांच्या कडेने सालपटं निघत होती.

"असेल बाई," ठसेबाई म्हणाल्या. "काय सांगावं."

दुसऱ्या दिवसापासून धाकटीने मलम चमच्याच्या पाठीने लावायला सुरुवात केली. चमचा त्या गालावरून फिरला की तापलेली पट्टी फिरवल्यासारखं होई. ठसेबाई हूं की चूं करत नसत. दात आवळून बसत, आणि ती आग संपू नये असंही त्यांना कुठेतरी वाटे.

आता त्यांनी जे जे सुचेल ते केलं. डावा गाल लावून बघितला. पण त्या गालाला आयुष्यात कुणी काही विचारलंच नव्हतं, त्याला सगळंच गार लागे. ओठ लावून बघितले, मनगटाची आतली बाजू लावून बघितली. सुट्टीच्या दिवशी धाकटी बाजारात गेली, की कातरणाचे तुकडे भिजवून स्वयंपाकाच्या ओट्यावर ओळीने मांडत, लाटण्याने ठसा ठोकत आणि सुकायची वाट बघत बसत. एक बरा निघे, पुढचा सपाट, त्याच्या पुढचा तडकलेला. बरा निघाला तो का निघाला, हे काही केल्या कळत नसे. डाव्या गालाला शिकवायला वेळ हवा होता. वेळ नव्हता. खराब तुकडे त्या पिशवीत भरून लांबच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून येत, शेजारच्या कचऱ्यातसुद्धा नाही.

नव्या हारांची पानं त्यांनी याच अंदाजांवर ठोकली आणि सुकायला मांडली.

सुकली त्या सकाळी धाकटीने एक पान रंगवलं, पुसलं आणि थांबली. दुसरं रंगवलं. तिने हात इतके घासले होते की बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, आणि पुसायचं फडकं आणि चिंधी एकाच रंगाची झाली होती. तिसऱ्या पानाच्या शिरा फडक्याबरोबर निघून आल्या. ती उठली. रंगाचे बोळे, फडकं, दोन्ही बाटल्या तिने तबकात नीट लावल्या आणि तबक मालकीणबाईंपुढे नेऊन ठेवलं.

"माझ्या हाताला रंग नाही, बाई. मी ह्यांना सांगितलंय, येते म्हणून. पुढच्या गाडीने जाते."

मालकीणबाईंनाही वाईट वाटलं असावं. पण तबक त्यांनी परत ढकललं नाही. कडीकाका हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे पोरी. संसारही करायला हवाच की कुणीतरी."

ठसेबाई आपल्या जागेवर होत्या. त्यांनी धाकटीच्या बोटांच्या चिंध्या बघितल्या. मग पुढ्यातल्या पाण्याच्या भांड्यात हात घातला, एक पान बाहेर काढलं आणि तसंच निथळत उजव्या गालाला लावलं. पाणी त्यांच्या मानेवरून आत उतरू लागलं.

"हे तयार आहे," त्या म्हणाल्या.

कडीकाका हसले. "अहो ठसेबाई, पाणी ठिबकतंय त्याच्यातून."

त्यांनी ते खाली ठेवलं. शेजारच्या गठ्ठ्यातलं, पाण्याचा थेंबही न लागलेलं पान उचललं, गालाला लावलं. "हेही तयार आहे."

आता कुणी हसलं नाही.

"मला कळत नाही," ठसेबाई म्हणाल्या. "ह्या गालाला काही कळत नाही. दुखण्यातून उठले तेव्हापासून. तिच्या रंगाला काही झालेलं नाही. ठसा बसत नाहीये, म्हणून रंग राहत नाही."

मालकीणबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "मग हे आधी नाही सांगायचं, ठसेबाई? मी विचारलं होतं तुम्हाला. ह्याच जागेवर विचारलं होतं."

धाकटी पुढे आली.

"खोका परत आला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि रंग पातळ म्हणालात."

"हो."

"मी मोरीत हात घासत होते, तेव्हा?"

"तेव्हाही."

धाकटीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी मलमाला दोष देत होते. तुमच्या मलमाला. चमच्याने लावत होते, आणि तुम्ही लावून घेत होतात."

ती बेसिनपाशी गेली आणि बोटांच्या चिंध्या एक एक करून सोडू लागली. कडीकाकांनी उगाच एक आकडा वाकवला आणि सरळ केला.

मालकीणबाई उठून ठसेबाईंच्या टेबलाशी आल्या. काम तर व्हायलाच हवं होतं. त्यांनी फडक्यातलं एक मुरलेलं पान उचलून स्वतःच्या गालाला लावलं, कपाळाला आठ्या घातल्या. "मला तर नुसतं चामडं लागतंय. काका, तुम्ही बघा."

"माझ्या दाढीला काय कळणार?"

"द्या इकडे," मागून धाकटी म्हणाली.

ती उभ्या उभ्याच पान गालाला लावून राहिली. सासूकडे तिने बघितलं नाही. "गार आहे."

"गार म्हणजे कसं?" ठसेबाईंनी विचारलं.

"गार म्हणजे गार."

"तसं नाही चालत. ओल्या फडक्यासारखं गार, की..." त्या थांबल्या. इतकी वर्षं हे एकटीने ओळखलं होतं. दुसऱ्याला सांगायची पाळी कधी आली नव्हती, त्यामुळे शब्दच नव्हते. "उशी उलटी केली, की खालची बाजू कशी लागते? तसं हवं. कोरडं, पण गार."

धाकटीने पुन्हा लावलं. "नाही. ह्याच्यात ओल आहे अजून."

"मग ठेव. थोडं थांबू."

दोघी थांबल्या. एक बसून, एक उभी. मधूनमधून धाकटी पान उचलायची, गालाला लावायची आणि "नाही" म्हणून ठेवायची. ठसेबाईंचा सगळा जीव त्या "नाही"मध्ये अडकला होता. ही पोरगी रागाच्या भरात वाट्टेल ते सांगू शकली असती, आणि त्यांना ते मान्य करावं लागलं असतं.

शेवटी धाकटी म्हणाली, "आता."

ठसेबाईंनी पान लादीवर घेतलं, ठसा उभा धरला. मोगरी उचलली. एकच घाव घातला. नक्षी सुरेख उमटली. पण तशी ती रोजच उमटत होती.

"सुकल्यावर बघू," धाकटी म्हणाली.

ते पान त्या दिवशी खिडकीत एकटंच सुकत पडलं. मालकीणबाईंनी जाता-येता बघितलं, हात मात्र कुणी लावला नाही. दुसऱ्या सकाळी शिरा जागच्या जागी होत्या. धाकटीने रंग फासला, पुसला. पानाचा माथा उजळ निघाला आणि प्रत्येक रेघेत रंग काळाभोर बसून राहिला.

मालकीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. रंगाचं तबक त्यांनी आपल्या हाताने उचलून धाकटीच्या टेबलावर ठेवलं आणि ते टेबल ठसेबाईंच्या टेबलाला जोडून लावायला सांगितलं. "हे हार होईपर्यंत असंच बसा. मग ठसा कोणी घ्यायचा ते बघू."

त्या दिवशी पानांमागून पानं झाली. धाकटी "नाही" म्हणायची, किंवा "आता" म्हणायची. या दोन शब्दांखेरीज तिसरा शब्द तिने काढला नाही. कडीकाकांनी दुपारी एकदा तोंड उघडलं, चामडं काय म्हणतंय ते विचारायला, आणि खोकल्यासारखं करून मिटलं.

घरी आल्यावर ठसेबाईंनी बघितलं. धाकटीची बॅग कॉटवर होती, अर्धी भरलेली, सकाळी होती तशीच. तिने ती रिकामीही केली नव्हती आणि पुढे भरलीही नव्हती. ओट्यावरचं आवरून ती आली, फळीवरची मलमाची डबी काढली आणि सासूच्या पुढ्यात ठेवली. चमचा नव्हता.

"आजपासून तुमचं तुम्ही लावा," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

ठसेबाईंनी डबी उघडली. बोटावर मलम घेतलं आणि गालापाशी नेलं. बोट टेकलं, की टेकायचं होतं, हे त्यांना समजेना. आग होती, पण कुठून सुरू होते आणि बोट कुठे आहे, याचा मेळ लागत नव्हता. त्या उठल्या, भिंतीवरच्या आरशासमोर गेल्या. मलम कानाला आणि केसांना लागलं होतं. आरशात बघत, दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडावर लावावं तसं, त्यांनी ते हळूहळू गालावर ओढून आणलं.

आतल्या खोलीत बॅगेच्या चेनचा आवाज येतो का, हे त्या ऐकत होत्या. उजव्या कानाने नीट ऐकू येत होतं. आवाज आला नाही. सकाळपर्यंत येणारच नाही, असंही काही नव्हतं.